ही फाइल नेमकी कोणाची?

डेबियन किंवा उबुंटूवर अपडेट चालू असतं. ओळींमागून ओळी सरकत असतात आणि मध्येच सगळं थबकतं. पडद्यावर मजकूर येतो : अमुक कॉन्फिगरेशन फाइल बसवल्यानंतर बदललेली आहे, तुम्ही बदलली असेल किंवा एखाद्या स्क्रिप्टने, पॅकेज देणाऱ्यानेही तिची नवी आवृत्ती पाठवली आहे, बोला, काय करायचं? खाली वाय, एन, डी, झेड असे पर्याय. बरेच जण एंटर दाबून मोकळे होतात. उरलेले घाबरून विचारतात, ‘मी तर या फाइलला हातसुद्धा लावला नाही. मग ही आहे कोणाची? आणि हे मला का विचारताय?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर एका कमांडमध्ये मिळतं, पण ते उत्तर अर्धवट असतं. उरलेलं अर्धं कळायला थोडं मागे जावं लागेल.

(या प्रकरणातल्या कमांड आणि फाइलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टंकायची. कॅपिटल अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे.)

१. दोन हातांची फाइल

पॅकेज म्हणजे एक गाठोडं. त्यात मूळ प्रोग्राम असतो, त्याची मदतपानं असतात, नमुना सेटिंग असतात आणि कोणती फाइल कुठे ठेवायची याची यादी असते. पॅकेजं येण्याआधी प्रोग्रामचा सोर्स उतरवून घ्यायचा, तो कम्पाइल करायचा आणि ‘मेक इन्स्टॉल’ म्हणायचं, अशी रीत होती. फाइली चार ठिकाणी पांगायच्या. प्रोग्राम काढायची वेळ आली की कोणती फाइल त्याची आणि कोणती दुसऱ्याची, हे सांगणारं कोणी नसायचं.

इयन मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली, आणि थोड्याच काळात त्या प्रकल्पात डीपीकेजी हे साधन आकाराला आलं. रेड हॅटमध्ये मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी १९९५ च्या सुमारास आरपीएम तयार केलं. दोन्हींची घडण वेगळी, पण मूळ काम एकच : बसवलेल्या प्रत्येक फाइलची लेखी नोंद ठेवणं. आपल्याकडे सी-डॅकने केलेली ‘बॉस’ ही लिनक्स डेबियनवर बेतलेली आहे, त्यामुळे डेबियनबद्दल पुढे जे येईल ते तिलाही लागू आहे.

पॅकेजमधल्या बहुतेक फाइली ‘/यूएसआर’ या डिरेक्टरीखाली जातात. त्या पूर्णपणे पॅकेजच्या. तुम्ही त्यात काही बदललंत तर पुढचं अपडेट न विचारता ते पुसून टाकतं, आणि त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. ‘/ईटीसी’खालच्या फाइलींचं मात्र तसं नाही. त्या पॅकेजबरोबर येतात, पण तुम्ही बदलाव्यात म्हणूनच दिलेल्या असतात. सर्व्हर कोणत्या पोर्टवर ऐकेल, कोणाला आत घेईल, लॉग कुठे लिहील हे त्यात तुम्हीच ठरवायचं. म्हणजे एकाच फाइलवर दोघांचे हात : पॅकेज तयार करणाऱ्याचा आणि तुमचा. सगळी कटकट इथून सुरू होते.

२. मालकी फाइलीत नसते, नोंदीत असते

‘/ईटीसी’मधली कोणतीही फाइल उघडून पाहा. ती कोणत्या पॅकेजची, हे आत लिहिलेलं असेलच असं नाही. ‘एलएस -एल’ केलं तर मालक म्हणून ‘रूट’ दिसतो, पण ती मालकी निराळी. फाइल कोण वाचू-लिहू शकतो एवढंच ती सांगते. ती कुठून आली याच्याशी ‘रूट’चा काही संबंध नाही, आणि नवशिक्यांचा पहिला घोळ इथेच होतो.

आपल्याला हवी ती मालकी सातबाऱ्यासारखी आहे. शेतात उभं राहून ढेकळांकडे बघितल्याने जमीन कोणाची ते कळत नाही. उतारा काढावा लागतो. मालकाचं नाव नमुना सातवर, पिकाची नोंद नमुना बारावर. नाव एकाचं आणि कसणारा दुसराच, असंही सर्रास असतं. मालक बदलायचा तर आधी फेरफार व्हावा लागतो.

डेबियनचा हा उतारा ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ या डिरेक्टरीत असतो. तिथे प्रत्येक पॅकेजची ‘.लिस्ट’ने संपणारी एक साधी मजकूर-फाइल आहे आणि तिच्यात त्या पॅकेजने ठेवलेल्या एकूण एक फाइलींचे पत्ते, एका ओळीवर एक. कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. उतारा काढायची कमांड आहे ‘डीपीकेजी -एस’, यातला एस कॅपिटल. पुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा.

‘/ईटीसी/सर्व्हिसेस’ घेऊ. कोणत्या सेवेला कोणता पोर्ट क्रमांक, याची ही जुनी यादी : एसएसएचला २२, एचटीटीपीला ८०. डेबियनवर विचारलं तर उत्तर येतं, ‘नेटबेस’. फेडोरावर हाच प्रश्न ‘आरपीएम -क्यूएफ’ने विचारायचा, तिथे उत्तर येतं, ‘सेटअप’. आर्चवर ‘पॅकमॅन -क्यूओ’ (क्यू कॅपिटल), आणि उत्तर ‘आयाना-ईटीसी’. फाइल तीच, काम तेच, मजकूरही जवळपास सारखा, आणि मालक तीन. म्हणून ‘लिनक्सवर ही फाइल कोणत्या पॅकेजची?’ या प्रश्नाला अर्थ नाही. कोणत्या डिस्ट्रिब्यूशनवर, हे आधी सांगावं लागतं.

हे उत्तर म्हणजे फक्त नाव. ‘/ईटीसी/सर्व्हिसेस’मधला सगळा मजकूर पुसून तिथे किराणा सामानाची यादी लिहून ठेवली, तरी डीपीकेजी शांतपणे ‘नेटबेस’च म्हणेल. ते फाइल उघडून बघत नाही, फक्त यादी चाळतं.

एका फाइलला एकच मालक, हा नियम कडक आहे. दुसरं पॅकेज त्याच पत्त्यावर स्वतःची फाइल ठेवायला आलं तर डीपीकेजी ते बसवायलाच नकार देतं : ही फाइल अमुक पॅकेजमध्येही आहे आणि तुम्ही ती खोडायला निघाला आहात. मालकी खरोखरच बदलायची असेल तर नव्या पॅकेजने आपल्या माहितीत ‘रिप्लेसेस’ या रकान्यात जुन्या पॅकेजचं नाव घालावं लागतं. मग फाइल रीतसर नव्याच्या नावावर चढते. डिरेक्टरींना मात्र हा नियम नाही. ‘/ईटीसी’ कोणाची असं विचारून बघा, पॅकेजांच्या नावांची लांबलचक रांग येईल.

आणखी एक गंमत. पॅकेज काढून टाकलं तरी त्याच्या ‘/ईटीसी’मधल्या फाइली जागेवरच राहतात. तुम्ही घातलेली सेटिंग उद्या लागतील, या भावनेने डेबियनच्या धोरणातच तसं लिहिलेलं आहे. त्यामुळे डीपीकेजी एखाद्या फाइलचा मालक म्हणून असं पॅकेज सांगू शकतं जे मशीनवर आता नाहीच. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत अशा पॅकेजांपुढे ‘आरसी’ अशी अक्षरं दिसतात : पॅकेज काढलेलं, कॉन्फिगरेशन शिल्लक. चार-पाच वर्षं चालू असलेल्या मशीनवर अशा ओळी ढिगाने निघतात. त्यांना कायमचा निरोप द्यायचा तर ‘पर्ज’ करावं लागतं.

३. तीन चेकसम आणि एक प्रश्न

आता सुरुवातीच्या त्या वाय-एनकडे वळू. ‘/ईटीसी’मधली एखादी फाइल तुम्ही बदलली आहे, हे डीपीकेजीला कसं कळतं? त्याने जुनी फाइल जपून ठेवलेली नसते. ठेवलेला असतो तिचा चेकसम.

चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावर ठरावीक गणित करून काढलेली एक छोटी खूण. डीपीकेजी यासाठी एमडी५ ही पद्धत वापरतं. फाइल दोन ओळींची असो की दोन हजार, उत्तर नेहमी ३२ चिन्हांचं. मजकुरात एक स्वल्पविराम वाढवला की खूण पार बदलून जाते. सुरक्षेच्या कामासाठी एमडी५ केव्हाच बाद झालं आहे; मुद्दाम एकाच खुणेच्या दोन वेगळ्या फाइली तयार करता येतात हे २००४ मध्ये दाखवून दिलं गेलं. इथे मात्र कोणी कोणाला फसवायला बसलेलं नाही. मालकानेच स्वतःच्या फाइलमध्ये केलेला साधा बदल ओळखायचा आहे आणि त्याला एमडी५ पुरतं.

कॉन्फिगरेशन म्हणून जाहीर केलेल्या अशा फाइलीला डेबियनची मंडळी ‘कॉन्फफाइल’ म्हणतात. ‘डीपीकेजी -एस बॅश’ करून बघा. या वेळी एस छोटा. पॅकेजच्या माहितीत ‘कॉन्फफाइल्स’ असा भाग दिसेल. तिथे ‘/ईटीसी/बॅश.बॅशआरसी’ आणि तिच्यापुढे ती ३२ चिन्हं. पॅकेजबरोबर आली तेव्हा फाइल कशी होती, त्याची ही नोंद.

बॅशची नवी आवृत्ती आली की डीपीकेजी तीन खुणा शेजारी ठेवतं. पहिली, मागच्या वेळी पॅकेजने दिलेल्या फाइलची, म्हणजे ही नोंदवलेली. दुसरी, सध्या डिस्कवर असलेल्या फाइलची. तिसरी, नव्या पॅकेजमधल्या फाइलची.

पहिली आणि दुसरी सारखी, म्हणजे तुम्ही काही बदललेलं नाही. तिसरी वेगळी असली तर नवी फाइल न विचारता जागेवर बसते. पहिली आणि तिसरी सारखी, म्हणजे पॅकेजवाल्यांनी काही बदललेलं नाही. मग तुम्ही काय काय उलथापालथ केली असेल ती तशीच राहते, आणि याही वेळी कोणी विचारत नाही. तिन्ही वेगळ्या निघाल्या, म्हणजे तुम्हीही बदललं आणि त्यांनीही, तेव्हाच तो प्रश्न येतो. वर्षभरात शेकडो अपडेट होऊनही तो मोजक्या वेळाच का दिसतो, ते आता लक्षात येईल.

पर्यायांचं काय? वाय म्हणजे पॅकेजची नवी फाइल घ्या. एन म्हणजे माझी ठेवा. नुसतं एंटर दाबलंत तर हेच होतं, त्यामुळे घाईत एंटर दाबणाऱ्यांचं सहसा बिघडत नाही. डी दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो आणि प्रश्न पुन्हा समोर येतो. झेड तुम्हाला तात्पुरत्या शेलमध्ये सोडतं. माझा सल्ला : आधी डी. फरक दोन ओळींचा निघाला तर निर्णय तिथल्या तिथे होतो. वाय म्हटलंत तरी तुमची जुनी फाइल नष्ट होत नाही, तिच्या नावापुढे ‘.डीपीकेजी-ओल्ड’ लागतं. एन म्हटलंत तर नवी फाइल ‘.डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटीसह शेजारी राहते. दोन्ही बाजूंनी परतीची वाट मोकळी असते.

‘पण मी हात लावलाच नव्हता’ या तक्रारीचं काय? डेबियनच्या नियमांप्रमाणे कोणत्याही पॅकेजच्या स्क्रिप्टने कॉन्फफाइलला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या नाही आणि स्वतःच्याही नाही. म्हणजे कॉन्फफाइल बदललेली असेल तर ती बाहेरून बदललेली असते : तुमच्याआधी ते मशीन सांभाळणाऱ्याने, होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलने, किंवा सर्व्हर भाड्याने देणाऱ्याने आपली इमेज तयार करताना. नोंद एवढंच सांगते की बदल झाला. कोणी केला, ते ती सांगू शकत नाही.

बदललेल्या फाइली एकत्र बघायच्या तर ‘डेबसम्स’ हे छोटं पॅकेज बसवून ‘डेबसम्स -सीई’ चालवा. नवं मशीन ताब्यात आलं की पहिल्याच दिवशी हे करावं. आधीच्या माणसाने काय काय केलं होतं, याची त्याने लिहून ठेवलेल्या टिपणांपेक्षा खरी यादी मिळते. आरपीएमवर हेच काम ‘आरपीएम -व्हीए’ करतं (व्ही कॅपिटल). तिथल्या ओळीत ५ हा आकडा दिसला तर मजकूर बदललेला आहे, आणि पत्त्याआधी एकटं ‘सी’ असेल तर ती कॉन्फिगरेशन फाइल आहे.

एक खड्डा इथे सांगायलाच हवा, कारण त्यात पाय जातोच. कॉन्फिगरेशन बिघडलं, म्हणून कोणीतरी ‘/ईटीसी’मधली फाइल उडवतं आणि पॅकेज पुन्हा बसवतं. हिशोब असा की कोरी फाइल परत येईल. ती येत नाही. डीपीकेजीच्या लेखी फाइल नसणं हाही तुम्ही केलेला बदलच आहे आणि तो ते इमानाने जपतं. ती परत हवीच असेल तर ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय देऊन स्पष्ट सांगावं लागतं. वागणूक तर्काला धरून आहे, पण रात्री अकरा वाजता सर्व्हर बंद पडलेला असताना तर्क पटत नाही.

आरपीएमचा स्वभाव वेगळा. ते कधीच काही विचारत नाही. माणूस समोर नसतानाही अपडेट पार पडलं पाहिजे, ही त्याची भूमिका. पॅकेज तयार करणाऱ्याने फाइलीवर ‘नोरिप्लेस’ असा शेरा मारलेला असेल तर तुमची फाइल राहते आणि नवी ‘.आरपीएमन्यू’ या नावाने शेजारी येते. शेरा नसेल तर नवी बसते आणि तुमची ‘.आरपीएमसेव्ह’ होऊन बाजूला जाते. आर्चचा पॅकमॅनही न विचारता ‘.पॅकन्यू’ ठेवून पुढे जातो. या शांततेचा धोका असा की त्या शेपट्यांच्या फाइली साठत जातात आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही. फेडोरा वापरत असाल तर ‘/ईटीसी’त ‘.आरपीएमन्यू’ शोधून पाहा. दोन वर्षांपूर्वीचे न घेतलेले निर्णय तिथे पडलेले सापडतील. डेबियनचं मध्येच अडवणं कटकटीचं आहे खरं, पण मला तेच बरं वाटतं. निदान निर्णय तुमच्यासमोर होतो.

४. शेजारी शेजारी, तरी वेगळ्या

आता जरा अवघड उदाहरण. ‘/ईटीसी/एसएसएच’ या डिरेक्टरीत दिसायला जुळ्या अशा दोन फाइली आहेत : ‘एसएसएच_कॉन्फिग’ आणि ‘एसएसएचडी_कॉन्फिग’. पहिली तुमच्या मशीनवरून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी. दुसरीत एक ‘डी’ जास्त. ती बाहेरून आत येणाऱ्यांसाठी.

डेबियनवर पहिलीबद्दल विचारलं तर उत्तर लगेच मिळतं : ‘ओपनएसएसएच-क्लायंट’. दुसरीबद्दल विचारलं की डीपीकेजी हात वर करतं. असा पत्ता कोणत्याच यादीत नाही. एसएसएच सर्व्हरची मुख्य फाइल, जिच्यात एक चूक झाली तर लांबचं मशीन हातचं जाईल, तिला मालकच नाही?

मालक आहे, पण तो या उताऱ्यावर नाही. कॉन्फफाइलचा नियम आठवा : स्क्रिप्टने हात लावायचा नाही. पण सर्व्हर बसवताना किंवा अपडेट करताना पॅकेजलाच ही फाइल कधी कधी मशीनप्रमाणे बदलावी लागते. म्हणून डेबियनने तिला कॉन्फफाइल केलंच नाही. नमुना फाइल ‘/यूएसआर/शेअर/ओपनएसएसएच’मध्ये असते. बसवतानाची स्क्रिप्ट तिथून ती घेते आणि ‘यूसीएफ’ नावाच्या साधनाच्या हवाली करते.

यूसीएफ हे मनोज श्रीवास्तव या डेबियन डेव्हलपरचं काम. डीपीकेजी कॉन्फफाइलींसाठी जे करतं, तेच यूसीएफ स्क्रिप्टने तयार होणाऱ्या फाइलींसाठी करतं : चेकसम नोंदवतं, तुलना करतं, दोन्हीकडून बदल झाला असेल तर विचारतं. त्याची विचारायची खिडकीही वेगळी दिसते, चौकटीतला मेनू असतो, आणि काही वेळा दोन्ही बदल एकत्र गुंफून देण्याचा पर्यायही मिळतो. त्याची वही ‘/व्हार/लिब/यूसीएफ’मध्ये असते आणि ती वाचायची कमांड ‘यूसीएफक्यू’. तिला ‘एसएसएचडी_कॉन्फिग’चा पूर्ण पत्ता दिला की ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हे नाव बाहेर येतं, आणि फाइल बदललेली आहे की नाही तेही.

फेडोरावर असा वळसा नाही. तिथे ‘आरपीएम -क्यूएफ’ सरळ ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ सांगतं.

५. जिथे नोंदच नाही

दोन्ही वह्यांत नाव नसलेल्या फाइलीही ‘/ईटीसी’त भरपूर असतात. ‘/ईटीसी/एफएसटॅब’, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी, इन्स्टॉलरने तुमच्या मशीनच्या डिस्का पाहून लिहिलेली असते. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर ती निरुपयोगी, मग ती पॅकेजमध्ये येणार कशी? ‘/ईटीसी/पासवर्ड’चंही तसंच (प्रत्यक्ष नावात ‘पीएएसएसडब्ल्यूडी’ एवढीच अक्षरं असतात). डेबियनमध्ये ‘बेस-पासवर्ड’ हे पॅकेज सुरुवातीचे वापरकर्ते एका नमुन्यावरून तयार करतं. पुढे प्रत्येक नवा वापरकर्ता आणि स्वतःसाठी वापरकर्ता मागणारं प्रत्येक पॅकेज तिथे एक ओळ वाढवत जातं. फेडोरात मात्र हीच फाइल ‘सेटअप’ पॅकेजच्या नावावर आहे, ‘नोरिप्लेस’च्या शेऱ्यासह.

अशी फाइल समोर आली की चौकशी कुठून सुरू करायची? मी आधी ‘एलएस -एल’ करून ती खरी फाइल आहे की दुसरीकडे बोट दाखवणारी सिमलिंक, ते बघतो. उबुंटूवरची ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ घ्या. तिच्यात नावांचे पत्ते शोधून देणारा डीएनएस सर्व्हर लिहिलेला असतो. लोक तिथे आपल्या पसंतीचा क्रमांक घालतात, तो चालतो, आणि मशीन रीस्टार्ट केलं की गायब. कारण ती फाइल नाहीच. ती ‘/रन’मधल्या, सिस्टमडी-रिझॉल्व्हडी चालताना लिहितो त्या फाइलीकडे नेणारी लिंक आहे, आणि ‘/रन’ हा भाग मेमरीत असल्यामुळे प्रत्येक बूटला कोरा होतो. बदल रिझॉल्व्हडीच्या किंवा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये करावा लागतो.

सिमलिंक नसेल तर फाइलच्या पहिल्या चार-पाच ओळी वाचायच्या. मशीनने लिहिलेल्या फाइलींवर बहुधा तसा शेरा असतो : अमुक प्रोग्रामने तयार केली, हाताने बदलू नका. हे सूचनाफलक लोक ज्या सहजतेने ओलांडतात, ते बघून नवल वाटतं. तिथेही काही मिळालं नाही तर ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’मधल्या ‘.पोस्टइन्स्ट’ने संपणाऱ्या फाइलींत त्या पत्त्याचा ‘ग्रेप’ने शोध घ्यायचा. बसवल्यानंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट त्याच. फाइल एखाद्या पॅकेजच्या स्क्रिप्टने लिहिली असेल तर तिचं नाव बहुतेक वेळा तिथे हाती लागतं.

आणि ज्या पॅकेजची फाइल हवी आहे ते अजून बसवलेलंच नसेल तर? स्थानिक नोंदी तिथे कामाच्या नाहीत. डेबियनवर ‘ॲप्ट-फाइल’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ हे सबंध भांडारातल्या पॅकेजांच्या याद्या शोधून देतात. यूसीएफच्या किंवा स्क्रिप्टने लिहिलेल्या फाइली तिथेही सापडत नाहीत, कारण पॅकेजमध्ये त्या त्या पत्त्यावर नसतातच.

कोणी आणि केव्हा बदललं याची नोंद हवीच असेल, तर जोई हेसने लिहिलेलं ‘ईटीसीकीपर’ बसवा. ते सबंध ‘/ईटीसी’ गिटखाली आणतं, आणि पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर आपोआप नोंद करतं. तुमचे हातचे बदल एका नोंदीत, पॅकेजचे दुसऱ्या नोंदीत. पण ते आधीपासून बसवलेलं हवं. घोळ झाल्यावर बसवून मागचं काही कळत नाही.

६. आपली ओळ वेगळ्या फाइलीत

दोन हातांची कटकट टाळायचा मार्ग गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे : एका फाइलवर दोन हात ठेवायचेच नाहीत. मुख्य फाइल पॅकेजची राहू द्यायची आणि शेजारच्या ‘.डी’ने संपणाऱ्या डिरेक्टरीत आपल्या दोन ओळींची छोटी फाइल टाकायची. सुडोसाठी ‘सुडोअर्स.डी’, कर्नलच्या सेटिंगसाठी ‘सिसकंट्रोल.डी’, एसएसएच सर्व्हरसाठी ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’. सिस्टमडीच्या सेवांसाठी तर ‘सिस्टमकंट्रोल एडिट’ म्हटलं की ते स्वतःच अशी फाइल तयार करून देतं. मुख्य फाइल न बदलल्यामुळे तिची खूण नोंदीशी जुळत राहते आणि वाय-एनचा प्रश्न उद्भवत नाही. तुमची फाइल कोणत्याच पॅकेजच्या यादीत नसते, आणि नसावीच. डीपीकेजीने तिथे ‘माहीत नाही’ म्हटलं तर ती तुमची, असं समजायला हरकत नाही.

हरकत नाही म्हटलं खरं, पण एसएसएचच्या डिरेक्टरीत एक अपवाद बसलेला असतो. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर लोक ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये पासवर्डने लॉगिन बंद करतात, सेवा रीस्टार्ट करतात, आणि पासवर्ड तरीही चालतो. फाइल दहादा तपासली तरी चूक सापडत नाही, कारण चूक त्या फाइलीत नसतेच. ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’मध्ये ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ नावाची फाइल असते, आणि तिच्यात पासवर्ड चालू ठेवायची एक ओळ. मशीन पहिल्यांदा सुरू होताना क्लाउड-इनिट हा प्रोग्राम ती लिहितो. डीपीकेजीला विचारा, मालक नाही. यूसीएफला विचारा, मालक नाही.

वरचढ ती का ठरते? डेबियन आणि उबुंटूच्या मुख्य फाइलीत ‘.डी’ डिरेक्टरी वाचायची सूचना सगळ्यात वर असते, आणि एसएसएच सर्व्हर एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी वाचतो तीच धरतो. नंतर आलेली सोडून देतो. सिसकंट्रोलमध्ये याच्या नेमकं उलटं आहे, तिथे शेवटची किंमत टिकते. म्हणून एसएसएचसाठी आपल्या फाइलीला ‘९९-’ने सुरू होणारं नाव देऊन उपयोग नाही. ‘१०-आपलं.कॉन्फ’ असं ५० च्या आधी येणारं नाव द्या, ओळ तिच्यात लिहा आणि रूट म्हणून ‘एसएसएचडी -टी’ चालवा, टी कॅपिटल. सर्व्हर सगळ्या फाइली वाचून शेवटी कोणती किंमत धरणार आहे, ते ओळीने छापून येतं. तिथे ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ दिसलं की मगच सेवा रीलोड करा, आणि नव्या खिडकीतून लॉगिन होतंय हे बघेपर्यंत जुनी खिडकी बंद करू नका.